परत आलेलं पुस्तक

एड रुशे हा तरुण चित्रकार लॉस एंजलिसहून ओक्लाहोमा सिटीला, आईवडिलांच्या घरी, मोटारीने जायचा. रस्ता 'रूट ६६'. शिकागो ते सांता मोनिका, जवळजवळ चार हजार किलोमीटरचा, १९२६ साली आखलेला. वाटेत वाळवंट आहे, लाल डोंगर आहेत. रुशेने फोटो काढले पेट्रोल पंपांचे. आपण अर्जाला जोडायला काढतो तसे रुक्ष, कृष्णधवल. असे सव्वीस पंप, खाली फक्त नाव-गाव. १९६३मध्ये झालं पुस्तक. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, ते साभार परत केलं. पठ्ठ्याने तो नकारच एका कलामासिकात जाहिरात म्हणून छापला!

पंपात बघण्यासारखं काय, हा प्रश्न तेव्हा रास्तच वाटला असणार. पण या रस्त्याकाठचं सगळं चालत्या मोटारीतून दिसावं म्हणूनच बांधलेलं. ड्रायव्हरची नजर दोन-चार सेकंद मिळणार, तेवढ्यात त्याला थांबवायचं. म्हणून निऑनच्या अवाढव्य पाट्या. म्हणूनच ॲरिझोनात होलब्रुकला मोटेलच्या खोल्या काँक्रीटच्या तंबूंसारख्या. (नाव 'विगवॅम', म्हणजे मूलनिवासींची घुमटाकार झोपडी; आकार मात्र टिपीचा, म्हणजे त्यांच्या निमुळत्या तंबूचा. गिऱ्हाइकाला कुठे फरक कळतोय!) पुढे शेजारून रुंद द्रुतगती मार्ग गेले, गावं बाजूला पडली आणि १९८५मध्ये ६६ हा क्रमांकही अधिकृत यादीतून गेला.

छायाचित्रकार जॉन मार्गोलिस तोवर कामाला लागला होता. सुमारे चाळीस वर्षं तो देशभर मोटेलं, पंप, ड्राइव्ह-इन सिनेमे टिपत हिंडला. वेळ शक्यतो सकाळची, आकाश निळंभोर; चौकटीत ना गाडी, ना माणूस. चित्रं देखणी, पण मला ती जरा जास्तच धुतलेली वाटतात. चालू मोटेलसुद्धा त्यात ओसाड दिसतं. त्याच्या अकरा हजारांहून अधिक रंगीत स्लाइड्स पुढे जतन केल्या त्या त्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसने, आणि वापरायला सर्वांना खुल्याही केल्या.

या रस्त्यावरची माणसं बघायची तर छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँककडे जावं. ॲरिझोनातच, विन्स्लो आणि फ्लॅगस्टाफच्या दरम्यान, १९५५च्या सुमारास, त्याने एका अपघाताचा फोटो काढला. मोडकी गाडी त्यात नाहीच. रस्त्याच्या कडेला कांबळं पांघरलेलं काहीतरी पडलंय, आणि चौघं जण थंडीत नुसते उभे आहेत.