मैदानावरून मन उडतं तेव्हा

बल्लारपूरलगतच्या विसापूर क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये १९ वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. गावाशेजारी असा सिंथेटिक ट्रॅक असला की आपली पोरगीही त्यावर धावेल, अशी आशा घराघरांत जागते आणि ती रास्तच आहे. मग एक दिवस जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी पहाटे उठत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचं पोट दुखतं, सरांचा फोन ती उचलत नाही. ‘आळशी झाली’, ‘मोबाइलनं बिघडवलं’ असा निकाल घरात लगेच लागतो. तो लावण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या.

स्नायूंना लागणारा प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून नेतं आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. पाळी सुरू झालेल्या, भरपूर धावणाऱ्या मुलीत लोह कमी पडण्याचा धोका जास्त. मेख अशी की हिमोग्लोबिनचा आकडा ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. तो फेरिटिन तपासल्यावरच कळतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही हवीच. वाहक मुलांना एरवी सहसा त्रास नसतो, पण इथल्या उन्हात, पाणी कमी पिऊन जीव तोडून धावल्यास धोका असतो, हे सरांना माहीत असायला पाहिजे. शिवाय वयात येताना मुलींच्या शरीराची ठेवण बदलते. सराव तोच, मेहनत तीच, तरी तेराव्या वर्षी सहज आलेली वेळ पंधराव्या वर्षी कधी कधी येत नाही. हे होतं, असं कोणी सांगितलंच नाही तर पोरगी स्वतःलाच दोष देत बसते.

रक्त ठीक निघालं तर मनाकडे वळावं. थॉमस रेडेक आणि अ‍ॅलन स्मिथ या क्रीडामानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये खेळाडूचं मन खेळावरून उडण्याच्या अवस्थेसाठी प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: तनामनाचा थकवा, आपल्याकडून काहीच होत नाही ही भावना, आणि खेळच नकोसा होणं. थकव्यावर विश्रांतीचा उतारा आहे. तिसऱ्या गोष्टीला नुसती सुट्टी पुरत नाही, कारण तिथं ‘मी हे कोणासाठी करतेय?’ हा प्रश्न उभा असतो.

आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेकदा ‘भरती’ असतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर; दहावी-बारावीला क्रीडागुण; सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. ज्या घराला एका पगाराची आस आहे, त्या घराला हे सोडा म्हणायचा मला हक्क नाही. पण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१ मधला प्रयोग लक्षात घ्यावा. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली आणि एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढच्या फेरीत पैसे बंद केले. मग ते काही निमित्तानं खोलीबाहेर गेले आणि मोकळ्या आठ मिनिटांत कोण आपणहून ठोकळे हातात घेतं, हे पाहिलं. पैसे मिळालेल्यांचा वेळ घटला होता. आणखी एका प्रयोगात पैशांऐवजी शाबासकी दिली, तिथं आवड टिकली.

म्हणून भरतीचं नाव रोज पहाटे काढू नये. मैदानावरून आल्या आल्या ‘कितवा नंबर?’ विचारू नये. आठवड्यातून एखाद्या दिवशी काय सराव करायचा, हे तिलाच ठरवू द्यावं. सरांनी तिच्या वेळेची तुलना तिच्याच जुन्या वेळेशी करावी, आणि ती वाढीच्या टप्प्यात असेल तर तीही सांभाळून.

आणि ‘थांबते’ म्हणाली तर? ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशली बार्टीनं २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी टेनिस सोडलं. मधल्या काळात ती ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली, २०१९ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०२१ मध्ये विम्बल्डन जिंकली. सगळ्याच परतत नाहीत, आणि परतावंच या अटीवर दिलेली सुट्टी ही सुट्टी नव्हे. पोरीला काही महिने मैत्रिणींसोबत नुसतं कबड्डी खेळायचं असेल तर खेळू द्या. सरांना ते सांगायचं काम आईबाबांनी करावं, तिच्यावर ढकलू नये. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवाव्यात.