प्रयोगशाळेतले आतडे

गोळी पोटात विरघळली म्हणजे औषध शरीरात पोहोचले, असे होत नाही. विरघळलेल्या औषधाला लहान आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात उतरावे लागते. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. पण घड्या, रसांकुर आणि पेशींवरचे सूक्ष्म रसांकुर यांमुळे त्याचा पसारा सुमारे ३० चौरस मीटर भरतो. (जुन्या पुस्तकांतला टेनिस कोर्टाएवढ्या क्षेत्रफळाचा आकडा २०१४ मधल्या स्वीडिश मोजणीने मागे पडला.) काही रेणू पेशीच्या मेदयुक्त आवरणातून झिरपतात, काही दोन पेशींमधल्या फटीतून निसटतात, तर काही पोषकद्रव्ये वाहणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने पार होतात. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप पेशीत शिरलेला रेणू पुन्हा आतड्याच्या पोकळीत लोटून देतात. नवा रेणू यांतली कोणती वाट धरील, हे माणसाला औषध देण्याआधी ताडून पाहण्यासाठी आतड्याची प्रतिरूपे वापरली जातात.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न परका नाही. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात लेवोनॅडिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक विकसित झाले. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जिवाणूंवर ते चालते. शिरेतून देण्यासाठी त्याचा आर्जिनिन क्षार बनवला गेला. तोंडाने घेण्यासाठी मात्र मूळ रेणूला एल-ॲलानिन हे अमिनो आम्ल एस्टर बंधाने जोडून अलालेवोनॅडिफ्लॉक्सॅसिन हे पूर्वऔषध तयार करण्यात आले. शरीरातली एन्झाइमे हा बंध तोडतात आणि मूळ औषध मोकळे होते. २०२० मध्ये भारतात दोन्ही रूपांना मान्यता मिळाली. सलाइनवर असलेल्या रुग्णाला त्याच औषधाच्या गोळीवर आणता येणे ही मोठी सोय आहे, आणि ती सर्वस्वी आतड्यातल्या शोषणावर अवलंबून आहे.

शोषण मोजण्याच्या जुन्या आणि आजही स्वस्त रीतींपैकी एक म्हणजे उलटवलेल्या आतड्याची पिशवी. विल्सन आणि वायझमन यांनी १९५४ मध्ये ती मांडली. आतड्याचा काही सेंटिमीटरचा तुकडा गार क्षारद्रावणाने आतून धुतात आणि काचेच्या गुळगुळीत कांडीवर पायमोजासारखा उलटवतात, म्हणजे रसांकुर बाहेर येतात. एक टोक दोऱ्याने बांधायचे, आत थोडे स्वच्छ द्रावण भरायचे, दुसरे टोक आवळायचे आणि पिशवी ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या औषधाच्या द्रावणात सोडायची. ऑक्सिजनचे बुडबुडे चालू ठेवावे लागतात. ठरलेल्या वेळी पिशवीतले द्रावण काढून त्यात किती औषध उतरले ते मोजतात. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत यासाठी खाटकाकडून आणलेले शेळीचे किंवा कोंबडीचे आतडे चालते. त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. मात्र ऊती झपाट्याने मरते. तुकडा किती लवकर गार द्रावणात पडला, यावरच निकालाचा भरवसा ठरतो. शिळ्या आतड्यातून औषध सहज गळते आणि आकडे उगाच चांगले दिसतात.

या पिशवीत दुसरीही अडचण आहे. जिवंत शरीरात अस्तराच्या लगेच खाली रक्तवाहिन्या असतात, पिशवीत मात्र औषधाला स्नायूंचा थरही ओलांडावा लागतो. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेसाठी बनवलेल्या दोन कप्प्यांच्या उपकरणात स्नायूंचा थर सोलून काढलेले आतडे बसवता येते आणि ऊती शाबूत आहे का, हे विजेच्या मापनावरून कळते. भूल दिलेल्या उंदराच्या आतड्यातून औषधाचे द्रावण संथपणे वाहवण्याची रीतही आहे. तिच्यात रक्तपुरवठा चालू राहतो, पण प्राणी लागतो आणि नैतिकता समितीची परवानगीही.

आजचे सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिरूप आहे काको-२. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीतून मिळालेल्या या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या की सुमारे २१ दिवसांत लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागू लागतात: एकमेकींना घट्ट चिकटतात, वरच्या बाजूला सूक्ष्म रसांकुर उगवतात, पंपही काम करू लागतात. भारतातल्या प्रयोगशाळांना या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळू शकतात. औषध वरच्या कप्प्यातून खाली आणि खालून वर, असे दोन्ही दिशांनी मोजतात. उलट दिशेचा वेग दुपटीहून जास्त निघाला, तर पंपाचा संशय घ्यावा लागतो.

पण काको-२ म्हणजे आतडे नव्हे. तिच्यात श्लेष्माचा थर नसतो. पेशींमधल्या फटी लहान आतड्यापेक्षा अरुंद असतात, त्यामुळे फटीतून जाणाऱ्या औषधांचे शोषण कमी भासते. पूर्वऔषधांच्या बाबतीत तर ती सरळ चकवू शकते. माणसाच्या लहान आतड्यात एस्टर तोडणारे मुख्य एन्झाइम कार्बॉक्सिलएस्टरेज-२ असते, काको-२ मध्ये मात्र कार्बॉक्सिलएस्टरेज-१ वरचढ असते. म्हणजे एस्टर बंध कुठे आणि किती लवकर तुटतो, हे या पेशींवरून ठरवणे धोक्याचे आहे.

पंप आणि एन्झाइमे बाजूला ठेवून फक्त झिरपणे पाहायचे असेल, तर पाम्पा ही १९९८ ची चाचणी पुरते. तिच्यात पेशी नसतातच. गाळणीवर लेसिथिनसारख्या मेदाचा थर असतो. ९६ खळग्यांच्या एका ताटलीत एकाच दिवशी अनेक संयुगे तपासून होतात, म्हणून सुरुवातीच्या चाळणीला ती उत्तम.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांना या विद्येचा रोजचा संबंध जेनेरिक औषधांमुळे येतो. गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये औषधांचे विद्राव्यता आणि पारगम्यता या दोन निकषांवर चार वर्ग केले. सहज विरघळणाऱ्या आणि सहज शोषल्या जाणाऱ्या पहिल्या वर्गातल्या औषधांना योग्य अटींवर, मूळ औषधाशी बरोबरी दाखवणाऱ्या माणसांवरच्या समतुल्यता चाचणीतून सूट मागता येते. औषधांचे नियम जुळवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१९ च्या एम-९ सूचनांनुसार पारगम्यतेचा पुरावा म्हणून काको-२ चालते, पण आधी प्रयोगशाळेने कमी, मध्यम आणि जास्त शोषणाची परिचित औषधे मोजून आपली पद्धत सिद्ध केलेली असली पाहिजे. पूर्वऔषधाला ही सूट मागायची असेल, तर ते न तुटता, पूर्वऔषध म्हणूनच शोषले जाते, हे दाखवावे लागते.