कॅमेऱ्याचे चित्र दिसेनासे झाले तर

आपल्या धर्मग्रामात अलीकडे बऱ्याच घरांवर कॅमेरे बसले आहेत. कोणी तो गोठ्यात लावला आहे, कोणी विहिरीवरच्या मोटारीकडे रोखून. तर ज्यांची मुले नोकरीसाठी बाहेरगावी आहेत त्यांच्या पडवीत तो आईवडिलांच्या काळजीपोटी बसला आहे. यंत्र चालू असते तोवर त्याची आठवणही होत नाही. एके दिवशी मात्र फोनवर काळा पडदा दिसतो. मग घाईघाईने कोणी कॅमेऱ्याचे रिसेटचे बटण दाबतो, कोणी नवा कॅमेरा विकत आणतो. वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की चित्र गेले म्हणजे कॅमेरा गेला असे नव्हे. दोष पुष्कळदा वाटेत असतो.

शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचले नाही तर आपण मोटारीपासून पाट पाहत जातो. येथेही तसेच करावे. चित्राची वाट अशी: कॅमेरा, मग तार किंवा वायफाय, मग राउटर, मग इंटरनेट आणि शेवटी आपला फोन. ज्यांच्याकडे रेकॉर्डर आहे त्यांच्या वाटेत तोही आला.

आरंभी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, एकच कॅमेरा बंद आहे की सगळे? सगळे एकदम बंद पडले असतील तर दोष राउटर, रेकॉर्डर किंवा वीज अशा सामाईक ठिकाणी असणार. एकच बंद असेल तर त्याची तार व त्याचा अडॅप्टर पाहावा. दुसरा प्रश्न, घरात चित्र दिसते पण बाहेरगावी दिसत नाही, असे आहे काय? तसे असेल तर कॅमेरा ठीक आहे. इंटरनेटची जोडणी तपासावी. काही ॲपना मात्र घरातल्या घरात पाहण्यासही इंटरनेट लागते, हे ध्यानात ठेवावे.

आता वीज. घरगुती कॅमेऱ्यांपैकी कित्येक १२ व्होल्टवर चालतात, काही ५ व्होल्टवर. अडॅप्टर बदलताना दोहोंवरील आकडे जुळवून पाहावेत. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यास १२ व्होल्ट दिले तर तो जळण्याचा संभव असतो. दिवसा चित्र येते आणि अंधार पडताच जाते, ही तक्रार आमच्या कानावर नेहमी येते. रात्री कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला अधिक प्रवाह लागतो. अशक्त झालेला अडॅप्टर दिवसाचे ओझे पेलतो, रात्रीचे पेलत नाही. अडॅप्टरपासून गोठ्यापर्यंत लांब व बारीक तार ओढली असेल तरीही वाटेत व्होल्टेज घटते. अशा वेळी जाड तार घालावी किंवा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्यावा. ज्या कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, त्यांची केबल १०० मीटरहून लांब नसावी. केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये पावसाचे पाणी शिरून धातूच्या पत्त्यांवर गंज तर चढला नाही ना, हेही पाहावे. घरातील वीज २३० व्होल्टची असते. तेव्हा मुख्य बटण बंद केल्याखेरीज बोर्डात हात घालू नये.

वायफायवरील कॅमेऱ्याचे दुखणे निराळे. राउटर बदलला किंवा वायफायचा पासवर्ड बदलला तर कॅमेऱ्याला ते आपोआप कळत नाही. तो जुन्याच नावाचा शोध घेत राहतो. शिवाय राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. बरेच घरगुती कॅमेरे फक्त २.४ ची लहर ओळखतात, म्हणून त्यांना तीच द्यावी. पत्र्याची भिंत व लोखंडी कपाट ही लहर अडवतात. ओली पानेही ती शोषून घेतात. उन्हाळ्यात शेतातून दिसणारे चित्र ऊस डोक्यावर गेल्यावर अडखळू लागले, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये.

रेकॉर्डर असणाऱ्यांच्या घरी वीज जाऊन आल्यावर आणखी एक घोटाळा होतो. राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. वीज परतल्यावर तो कॅमेऱ्याला कधी दुसराच क्रमांक देतो आणि रेकॉर्डर जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो. राउटरमध्ये कॅमेऱ्याचा क्रमांक कायमचा राखून ठेवला की ही अडचण संपते. सर्व यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करताना आधी राउटर लावावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर रेकॉर्डर आणि मग कॅमेरे.

एवढ्यानेही चित्र आले नाही तर नवा कॅमेरा घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. कॅमेरा काढून राउटरजवळ आणावा आणि चांगला अडॅप्टर लावावा. केबलचा असेल तर आखूड चांगल्या केबलने जोडावा. तेथे चित्र आले तर दोष जुन्या तारेत, अडॅप्टरमध्ये किंवा अंतरात आहे. तेथेही आले नाही तरच कॅमेऱ्यावर संशय घ्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला ते कळत नाही.

रिसेट हा शेवटचा उपाय. त्याने कॅमेऱ्यात भरलेली सर्व माहिती पुसली जाते. चोरीचा संशय असेल तर कार्डावरील चित्रण आधी उतरवून घ्यावे. रिसेटनंतर कारखान्यातला मूळ पासवर्ड परत येत असेल तर तो त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर परक्यांच्या ताब्यात दिले होते. आपल्या पडवीत परक्याने डोकवावे हे कोणास रुचेल?

वायफायचे नाव, पासवर्ड व अडॅप्टरचे व्होल्ट घरातील वहीत लिहून ठेवावेत. आणि आणखी एक. चित्र गेल्याबरोबर बाहेरगावच्या मुलांनी प्रथम घरी फोन करून आईवडिलांची खुशाली विचारावी. फोन लागला नाही तर शेजाऱ्यास पाठवावे. गाय विण्यास आली असेल तर कंदील किंवा बॅटरी घेऊन कोणीतरी गोठ्यात जावे. कॅमेरा सकाळीही दुरुस्त करता येतो.