दऱ्या आणि दर्या

सकाळी ९.४०. पहिला चहा हातात आणि फोन. "अहो मॅडम, यादी गायब झालीय." तालुक्याच्या एका संस्थेतला ऑपरेटर. साइटवर ‘शेतकऱ्यांची यादी’ दिसते, दाबली की ४०४. पीकविमा उघडतो, सातबारा उघडतो, हीच नाही.

१०.१५. सर्व्हरवर बघितलं तर फाइल जागेवर आहे. लिंकमधलं नाव आणि डिस्कवरचं नाव हुबेहूब. अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचं नाही, बाइट बघायचे. लिंकमध्ये ‘ऱ’ तीन बाइटचा: ई०, ए४, बी१. डिस्कवर तोच सहा बाइटचा: आधी साधा ‘र’, मग वेगळा नुक्ता. युनिकोडला दोन्ही मान्य. लिनक्सची डिस्क मात्र अक्षरं ओळखतच नाही, बाइट जुळवते. झालं होतं असं, की संचालकांच्या मुलाने फाइल जुन्या मॅकवरून चढवली. तिथली एचएफएस प्लस ही फाइलसिस्टीम नावातलं जोडलेलं अक्षर सुटं करून ठेवते. (२०१७ मध्ये आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते.) लिंक ऑपरेटरने विंडोजवर टाइप केली. साध्या ‘र’ला हा त्रास नाही. पण मराठीत ‘शेतकऱ्यां’शिवाय सरकारी फाइल असते का?

११.३०. उपाय एका ओळीचा: नाव आत येतानाच एनएफसी करून घ्यायचं, म्हणजे सुटे तुकडे पुन्हा जोडले जातात. ती ओळ टाकून जुनी नावं तपासायला घेतली आणि तिसराच प्रकार निघाला. कुणाच्या तरी कीबोर्डने ‘र’, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ‘य’ असं लिहिलं होतं. पडद्यावर तोच ऱ्य, पण एनएफसी याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे नाव वेगळं. "तो जॉइनर उडवून टाकू ना," आमचा ज्युनियर म्हणाला. उडवला की दऱ्यांचा दर्या होतो, बाळा. त्या जागी नीट ‘ऱ’ बसवावा लागतो. हा नियम हाताने लिहिला. यात दोन तास गेले.

१.४५. डबा. खाता खाता त्याच पोराचा कोड वाचला. नावातली नको ती चिन्हं गाळायला त्याने पायथॉनचं रेगेक्स लावलेलं, ‘वर्ड कॅरॅक्टर’ तेवढे ठेव. पायथॉनच्या हिशेबात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांतलं काहीच अक्षर नाही. यादीचं नाव त्यातून काढून पाहिलं, उरलं ‘शतकऱयचयद’. पोरगा हसला, मग गप्प झाला. गेल्या आठवड्यात चढलेल्या सगळ्या फाइलींची अशीच हाडं उरली होती.

३.२०. एक परिपत्रक चढेना. नाव कसलं, अख्खा विषयच: ‘अवकाळी पावसामुळे झालेल्या शेतीपिकांच्या नुकसानीपोटी द्यावयाच्या मदतीबाबत’ आणि पुढे बरंच. विंडोजवर हे चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचा काना असो की हलन्त, प्रत्येक जण तीन बाइट खातो. म्हणजे फार तर ८५. ज्युनियरने २५५ वर कापायचं सुचवलं. कापताना बाइट मोजलेस आणि नावात एखादं इंग्रजी अक्षर किंवा स्पेस असली, तर सुरी अक्षराच्या पोटात जाते.

५.००. मग ठरवलंच. डिस्कवर मराठी नाव ठेवायचंच नाही. तिथे नुसता क्रमांक, खरं नाव डेटाबेसमध्ये. डाउनलोड करताना ते हेडरमधून द्यायचं, पण ‘फाइलनेम’पुढे तारका लावून, यूटीएफ-८ सांगून, टक्क्यांच्या चिन्हांत गुंडाळून. नुसतं नाव कोंबलं तर ब्राउझर ते लॅटिन समजू शकतो. मग प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ‘ए’ आणि मागे कचरा.

६.४०. ऑपरेटरला फोन केला. "बघा बरं आता."

"उघडली, मॅडम!" दोन क्षण माउसचा आवाज. "पण ही मागच्या वर्षीची यादी आहे."