‘होय’ म्हणणारे किती? सभागृहाचे मत मोजण्याचे शास्त्र

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक लहानसे वाक्य असते : ‘विधेयक बहुमताने मंजूर होते.’ परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण बहुमत आहे हे ठरवतात कसे? पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तारेची जाडी मोजायची झाली, तर आपण आधी विचारतो, ‘उपकरण कोणते? त्याचे लघुतम माप किती?’ फूटपट्टीने केसाची जाडी मोजता येत नाही. सभागृहाचे मत मोजणे हेही एक मापनच आहे. मग त्याच्या उपकरणांनाही हेच प्रश्न विचारायला हवेत.

यासाठी एक प्रयोग मनात मांडू. समजा, बारामतीलगतच्या जळोचीतील नववी-दहावीच्या मुलामुलींनी सुटीत मोबाईलवर अभिरूप विधानसभा भरवली आहे. जो तो आपापल्या घरी, पण पडद्यावर सगळे एकत्र. अशा अभिरूप सभा आपल्याकडे नव्या नाहीत. केंद्र सरकारने युवा संसदेची योजना १९६६-६७ साली दिल्लीच्या शाळांत सुरू केली आणि २६ नोव्हेंबर २०१९ रोजी तिच्यासाठी संकेतस्थळही उघडले. आपल्या सभेत तीस सदस्य आणि एक अध्यक्ष आहेत. विधेयकाचा विषय बारामती-इंदापूर भागातल्या घराघरांत बोलला जाणारा : नीरा डाव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन आधी कोणाला द्यायचे?

विधेयकाच्या पायऱ्या खऱ्या विधानसभेप्रमाणेच ठेवू. आधी विधेयक मांडायचे. मग त्यामागच्या तत्त्वावर चर्चा. मग एकेक खंड घ्यायचा आणि त्यावर आलेल्या दुरुस्त्या मतास टाकायच्या. शेवटी संपूर्ण विधेयक मंजूर करावे का, हा प्रश्न. या प्रत्येक पायरीवर मत मोजावे लागते.

पहिले उपकरण : कान

सर्वात सोपी रीत म्हणजे आवाजी मतदान. अध्यक्ष म्हणतात, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.’ ज्या बाजूचा आवाज मोठा, तिचे बहुमत आहे असे ते जाहीर करतात. येथे मोजण्याचे उपकरण म्हणजे अध्यक्षांचा कान.

आता या उपकरणाचे लघुतम माप पाहू. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य असतात. समजा, १६० जण ‘होय’ म्हणाले आणि १२८ जण ‘नाही’. बत्तीस मतांचा फरक हे चांगले भक्कम बहुमत झाले. सगळे सारख्याच जोराने बोलले असे धरले, तर दोन्ही आवाजांच्या तीव्रतेचे गुणोत्तर १६० भागिले १२८, म्हणजे १.२५ होते. पण आपला कान तीव्रतेतील फरक वजाबाकीने ओळखत नाही, गुणोत्तराने ओळखतो. म्हणून आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजताना गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेऊन त्याला १० ने गुणतात. १.२५ चा लॉगॅरिथम सुमारे ०.०९७. म्हणजे फरक जेमतेम १ डेसिबेल! माणसाच्या कानाला जो लहानात लहान फरक जाणवतो, तो साधारण एवढाच असतो. बत्तीस मतांचे बहुमत कानाला कसेबसे कळते, पाच-दहा मतांचे मुळीच कळणार नाही.

हे झाले सगळे सारख्या आवाजात बोलले तर. साध्या बोलण्याची पातळी एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबेल असते, ओरडण्याची सुमारे ८०. वीस डेसिबेलचा फरक म्हणजे तीव्रता शंभर पट. म्हणजे एक ओरडणारा शंभर शांत माणसांच्या बरोबरीचा! कान घसे मोजतो, माणसे मोजत नाही.

मग ही रीत ठेवलीच का? कारण जेथे मतभेद नसतो तेथे ती झटपट आणि पुरेशी असते. १९७२ च्या भीषण दुष्काळात बारामती-इंदापूरकडच्या माणसांनीही दुष्काळी कामांवर खडी फोडली. मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क देणारा रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ साली एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. एकमत असेल तर माणसे मोजायची गरज नसते.

मतभेद असला की गोष्ट निराळी. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर झाले आणि विरोधकांनी मतविभागणीची मागणी लावून धरल्याने मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा आपला विषय नाही. पण जे मोजमाप कानावर सोडले जाते, त्यावर वाद उठणारच, एवढे आपल्याला विज्ञान सांगते.

मोबाईलवरच्या सभेत तर हे उपकरण निरुपयोगीच. एकाच वेळी अनेक जण बोलू लागले, की बहुतेक यंत्रणा एखादाच आवाज पुढे आणतात आणि बाकीचे गोंगाट समजून दाबतात. शिवाय प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो. जळोचीच्या मुलांनी आवाजी मतदान घेतले, तर ज्याचा मोबाईल चांगला त्याचे बहुमत!

दुसरे उपकरण : मोजणी

म्हणून सभागृहाच्या नियमांत मतविभागणीची सोय असते. विधानसभेत तिला ‘पोल’ म्हणतात. सदस्य उभे राहतात आणि शिरगणती होते. लोकसभेत बटण दाबून मत नोंदवण्याची यंत्रणा आहे. या उपकरणाचे लघुतम माप आहे एक माणूस. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरोधात २७०. एका मताने सरकार गेले. हाच फरक डेसिबेलमध्ये काढून पाहा. तो ०.०२ पेक्षाही कमी येतो. जगातला कोणताही कान तो ओळखू शकला नसता.

आपल्या सभेत मोजणी अशी करता येईल : प्रत्येकाने कागदावर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘तटस्थ’ असे ठळक लिहावे आणि अध्यक्षांनी तीन आकडे म्हणताच सगळ्यांनी ते कागद एकदम कॅमेऱ्यापुढे धरावेत. एकदम का? एकामागून एक नाव पुकारले, तर मागून बोलणारे आधीच्यांकडे पाहून मत बदलतात. मोजणारे दोन असावेत, प्रत्येक बाजूचा एक. दोघांचे आकडे जुळले तरच निकाल जाहीर करावा. प्रयोगशाळेत आपण वाचन दोनदा घेतो, तसेच हे.

भाजक कोणता?

मोजून झाले. आता भागाकार. पण कशाने भागायचे? आपल्या सभेत १२ जण ‘होय’, १० जण ‘नाही’ आणि ८ जण तटस्थ आहेत असे समजा. विधेयक मंजूर झाले का? राज्यघटनेचे १८९ वे कलम सांगते की, राज्याच्या सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत धरावे. तटस्थ हे मत देणाऱ्यांत येत नाहीत. म्हणून २२ पैकी १२, विधेयक मंजूर. एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट असती, तर तेच विधेयक पडले असते. मते तीच, भाजक बदलला की निकाल उलटा.

विरोधी मते शून्य पडली म्हणजे सगळे सहमत आहेत, असेही नसते. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी विधानसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली, विरोधात एकही नाही आणि चौघे तटस्थ राहिले. कारण विरोधी पक्षाने सभात्याग केला होता. म्हणून निकालाबरोबर नेहमी किती जण हजर होते तेही लिहावे.

मूठभर लोकांनी सभा चालवू नये यासाठी गणपूर्तीची अट असते. विधानसभेसाठी ती दहा सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा भाग, यांतील जे जास्त ते. २८८ चा दहावा भाग २८.८, म्हणून २९ सदस्य हवेत. आपल्या सभेला मात्र दहा. जाळे तुटून सदस्य पडद्यावरून नाहीसे होतात, म्हणून प्रत्येक मतदानाआधी हजेरी मोजा.

घटनादुरुस्तीला तर दोन अटी : एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे किमान दोन-तृतीयांश. १९७० साली संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत मांडले. लोकसभेत ते मंजूर झाले. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत त्याच्या बाजूने १४९ मते पडली आणि विरोधात ७५. एकूण २२४. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे १४९.३३. एक-तृतीयांश मत कमी पडले आणि विधेयक पडले! माणसाचा एक-तृतीयांश भाग नसतो, म्हणून १५० मते हवी होती. आणखी गंमत पाहा. विरोध करणाऱ्यांपैकी एक जण जरी तटस्थ राहिला असता, तर एकूण २२३ झाले असते. त्याचे दोन-तृतीयांश १४८.६७, आणि १४९ मते पुरली असती. तनखे अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले.

मते समसमान पडली तर अध्यक्ष निर्णायक मत देतात. एरवी ते मत देत नाहीत. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात पब्लिक सेफ्टी बिलावर समसमान मते पडली, तेव्हा अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपले मत विधेयकाविरुद्ध टाकले आणि ब्रिटिश सरकारचे ते विधेयक अडले.

प्रश्नांचा क्रम

इथवरच्या चुका मोजणीच्या होत्या. मोजणी अचूक असूनही निकाल बदलू शकतो, हे आता पाहू. आपले विधेयक म्हणते, उन्हाळी आवर्तन आधी पिण्याच्या पाण्याला आणि चाऱ्याला द्यावे. दुरुस्ती म्हणते, त्यात फळबागाही घ्याव्यात. आणि विधेयक पडले तर सध्याची रीत तशीच राहील. आपल्या सभेत दहा-दहांचे तीन गट आहेत.

जनावरे पाळणाऱ्यांच्या गटाची पसंती : मूळ विधेयक, मग दुरुस्त विधेयक, शेवटी सध्याची रीत.

फळबागवाल्यांची : दुरुस्त विधेयक, मग सध्याची रीत, शेवटी मूळ विधेयक, कारण त्यात त्यांचे पाणी तुटते.

ऊसवाल्यांची : सध्याची रीत, मग मूळ विधेयक, शेवटी दुरुस्त विधेयक, कारण त्यात त्यांचे पाणी आणखी घटते.

नियमाप्रमाणे आधी दुरुस्ती मतास टाकू. जनावरवाले आणि ऊसवाले विरोधात : दुरुस्ती २० विरुद्ध १० ने पडली. आता मूळ विधेयक. फळबागवाले आणि ऊसवाले विरोधात : तेही २० विरुद्ध १० ने पडले. सध्याची रीत राहिली. पण दुरुस्त विधेयक आणि सध्याची रीत यांचा थेट सामना लावला असता, तर जनावरवाले आणि फळबागवाले मिळून दुरुस्त विधेयक २० विरुद्ध १० ने जिंकले असते! तिन्ही पर्याय गोल फिरतात : प्रत्येक जण एकाला हरवतो आणि दुसऱ्याकडून हरतो. फ्रान्सच्या कोंदोर्से या गणितज्ञाने हे कोडे १७८५ साली मांडले.

येथे मत मोजण्यात एकही चूक नाही, कोणी खोटे वागलेले नाही. तरी निकाल ठरवला तो प्रश्नांच्या क्रमाने. म्हणूनच क्रम आधीच, लेखी आणि सर्वांना माहीत असलेला हवा. कोणाला काय मिळणार हे कळल्यावर जो क्रम ठरवतो, तो निकालच ठरवत असतो. कार्यपद्धतीचे नियम रुक्ष वाटतात, पण दुबळ्या बाजूचे खरे रक्षण तेच करतात.

करून पाहा

वर्गात कोणत्याही विषयावर आधी आवाजी मतदान घ्या. डोळे मिटलेल्या एका विद्यार्थ्याला निकाल सांगू द्या. मग लगेच कागद दाखवून मोजणी करा. असे दहा विषय घ्या आणि कानाचा अंदाज किती वेळा चुकला ते लिहून ठेवा. चुका बहुधा कितीच्या फरकापर्यंत होतात, त्याचा आलेख काढा. तो आलेख म्हणजे तुमच्या वर्गातील कानाचे लघुतम माप. शिक्षकांनी वरचे पाण्याचे विधेयक तीन गट करून, दोन वेगवेगळ्या क्रमांनी मतास टाकून पाहावे. प्रत्येक गटाने आपल्या पसंतीशी प्रामाणिक राहायचे, एवढीच अट. दोन तासांत दोन निकाल फळ्यावर आले, की पुस्तकातल्या त्या लहानशा वाक्यावर मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतील.