गर्भिणी आणि घरातील मांजर : भय किती, दक्षता किती?

कापूस, सोयाबीन व मोसंबीच्या शेतीवर जगणाऱ्या जालना जिल्ह्यात उंदरांपासून धान्य राखण्यासाठी मांजर पाळणे नित्याचे आहे. सुनेला दिवस गेले की "मांजर घराबाहेर काढावे का?" हा प्रश्न वैद्यांपुढे, तसाच औषध विक्रेत्यांपुढेही येतो. त्याचे उत्तर शास्त्रशुद्ध असावयास हवे.

शंकेचे मूळ टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीत आहे. १९०८ मध्ये निकोल व मांसो यांनी ट्युनिस येथे तो प्रथम एका कृंतक प्राण्यात पाहिला. प्रथम लागण झालेले मांजर साधारणतः १ ते ३ आठवडे विष्ठेवाटे त्याची बीजे टाकते. ताजी विष्ठा संसर्गकारक नसते; १ ते ५ दिवसांनी बीजे पक्व होतात व ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजेच मांजराच्या स्पर्शापेक्षा दूषित माती अधिक घातक. युरोपातील ६ शहरांतील गर्भिणींच्या अभ्यासात (२०००) ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धवट शिजलेल्या मांसामुळे, तर ६ ते १७ टक्के मातीमुळे झाल्याचे आढळले. मांजराचा सहवास हे कारण ठरले नाही. आपल्याकडे निंदणी-खुरपणी करणाऱ्या गर्भिणींच्या बाबतीत मातीचा विचार प्राधान्याने व्हावा.

गर्भारपणात प्रथमच लागण झाली, तरच गर्भास मुख्य धोका असतो. पहिल्या तिमाहीत संसर्ग गर्भापर्यंत क्वचित पोहोचतो, पण पोहोचल्यास हानी तीव्र होते. अखेरच्या तिमाहीत याच्या उलट घडते. गर्भस्राव, जलशीर्ष व दृष्टिपटलाचा शोथ हे संभाव्य परिणाम होत.

येथे एक गंभीर चूक टाळावी. केवळ आयजीजी चाचणी सकारात्मक असणे हा बहुधा जुन्या संसर्गाचा पुरावा असतो, रोगाचा नव्हे. त्या आधारे वारंवार होणाऱ्या गर्भस्रावाचे खापर मांजरावर फोडून महिनोन्‌महिने औषधे देऊ नयेत. आयजीएम सकारात्मक असल्यास आयजीजी ॲव्हिडिटी चाचणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तत्काळ पाठवावे. नव्या संसर्गावर स्पायरामायसिनसारखी औषधे तेथेच ठरतात; आपल्या कल्पांच्या भरवशावर विलंब करणे गर्भास महाग पडेल. दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणीसही गर्भिणीस पाठवावे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भोपघातकर भावांचे वर्णन आहे. त्याच दृष्टीने निदानपरिवर्जन सांगावे : मांजराची विष्ठा इतरांनी दररोज काढावी, शेतकाम करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, भाज्या व फळे स्वच्छ धुवावीत, मांस पूर्ण शिजवावे, मांजरास कच्चे मांस देऊ नये.

मांजर चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन रुग्णालयात पाठवावे. अलर्कविषाची लस गर्भारपणात वर्ज्य नाही. ती टाळणेच प्राणघातक ठरू शकते.

मांजर घरात राहू द्यावे; दक्षता मात्र गर्भिणीच्या दिनचर्येत यावी.