बिघाड बहुधा रेडिओत नसतो

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या हिशेबात जगात 340 ‘देश’ आहेत. अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेची ही यादी डीएक्ससीसी या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात निर्मनुष्य बेटं, इतकंच काय भरतीला जेमतेम डोकं वर ठेवणारे खडकही स्वतंत्र मोजले जातात. 2007 साली दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो रीफवर तर खडकांवर लाकडी मचाणं बांधून लोक रेडिओ घेऊन बसले होते. अशा ठिकाणी जायचं, अँटेना उभारायचा आणि काही दिवसांत जगभरच्या हजारो हॅमशी संपर्क नोंदवायचा, या उद्योगाला डीएक्सपेडिशन म्हणतात. त्यात अडचणी येणारच. पण त्या कुठून येतात याबद्दल बाहेरच्यांचे, आणि खरं सांगायचं तर घरी बसलेल्या बऱ्याच हॅम मंडळींचेही, अंदाज चुकतात.

गैरसमज: मोहीम फसते ती रेडिओ संच बिघडल्यामुळे

संच बिघडतात, पण ते एकाऐवजी दोन नेलेले असतात. दुसरा समुद्रकिनारा मात्र नेता येत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या बुवे बेटाचं उदाहरण घ्या. मालकी नॉर्वेची, वस्ती शून्य, क्षेत्रफळ सुमारे 49 चौरस किलोमीटर, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिमनदीखाली. केपटाऊनपासून अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. नैसर्गिक बंदर नाही. किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी बर्फाचे नाहीतर खडकाचे कडे.

2018 च्या सुरुवातीला वीस जणांचा चमू बेटान्झोस नावाच्या जहाजाने चिलीतल्या पुंता अरेनासहून तिकडे निघाला. हेलिकॉप्टरने बेटावर उतरायचं ठरलं होतं. तयारी काही वर्षांची, पैसा जगभरच्या हॅम मंडळींनी वर्गणीतून उभा केलेला. बेट समोर दिसत होतं. पण वारा, ढग आणि धुकं हेलिकॉप्टर उडू देईनात. वाट पाहण्यात दिवस गेले, त्यात जहाजाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि कप्तानाने माघारीचा निर्णय घेतला. बेटावर एकही पाऊल न पडता, एकही संपर्क न होता मोहीम संपली.

गैरसमज: परत फिरले म्हणजे हरले

वर्गणीदारांत तेव्हा हळहळ होती, काहींच्या बोलण्यात कुरबुरही. मला ती कधी पटली नाही. एका इंजिनावर त्या समुद्रात थांबून राहणं म्हणजे वीस जणांबरोबर खलाशांचाही जीव पणाला लावणं. शिवाय जाणत्या मोहिमांत हा अधिकार आधीच वाटून दिलेला असतो: जहाजाबद्दल शेवटचा शब्द कप्तानाचा, किनाऱ्यावरचा शब्द मोहीमप्रमुखाचा, आणि ‘आणखी एक दिवस थांबू या’ ही विनवणी कुणाचीच चालायची नाही.

2016 मध्ये साउथ सँडविच बेटांपैकी सदर्न थुलेवर हेच झालं. तंबू उभे, रेडिओ चालू, संपर्क जोरात. आणि समुद्रावरचा बर्फ किनाऱ्याकडे सरकू लागला. वाट बंद होण्याआधी निघा, असा जहाजावरून निरोप आला. चमूने काही सामान तिथेच सोडलं आणि माणसं सुखरूप बाहेर काढली.

गैरसमज: जितकं सामान जास्त, तितका भरवसा जास्त

2023 साली दुसरा चमू मरामा या शिडाच्या जहाजाने बुवेला पोहोचला. हे लोक उतरले, पण कसे? रबरी बोट लाटांमुळे किनाऱ्याला टेकेना, म्हणून जलरोधक पोशाखात पाण्यात उतरून, सामान दोराने ओढत. एकेक पिंप असं न्यायचं म्हटल्यावर मूळ यादी कोसळली. बहुतेक सामान जहाजावरच राहिलं आणि छोटी छावणी, साधे अँटेना यांवर काम भागवलं गेलं. ठरवलं होतं त्यापेक्षा संपर्क फारच कमी झाले, तरी ते सुमारे 19 हजार भरले.

हे जमतं यामागे भौतिकशास्त्र आहे. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक. पाण्याच्या काठाशी उभा केलेला साधा उभा अँटेना क्षितिजालगत, म्हणजे दूरच्या संपर्काला हव्या त्याच दिशेने, जोरकस लहरी सोडतो. बेटावर मधोमध भला मोठा मनोरा चढवण्यापेक्षा हे हलकंही आणि वाऱ्यात टिकणारंही. मात्र तेच खारं पाणी जोडण्या गंजवतं, जनरेटरच्या पेट्रोलमध्येही शिरतं. अनुभवी माणसं सुटे रेडिओ कमी आणि सुटे प्लग, केबल, दोर नि चिकटपट्ट्या जास्त नेतात, ते त्यामुळेच.

गैरसमज: बँड शांत झाला म्हणजे संच गेला

कधीकधी सूर्याला विचारावं लागतं. सौरज्वालेनंतर पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला आयनांबराचा खालचा थर दाट होतो आणि लघुलहरी गिळून टाकतो. यात खालच्या वारंवारता आधी जातात, म्हणून वरच्या बँडवर नशीब आजमावायचं किंवा तासभर चहा प्यायचा. चुंबकीय वादळात मात्र उलट, वरचे बँड आधी मिटतात, आणि ध्रुवांकडच्या भागात हा त्रास दिवसेंदिवस चालतो. संच उघडून बसणाऱ्याचा त्यात वेळच जातो.

हल्लीची एक अडचण आणखी वेगळी. एफटी8 या डिजिटल पद्धतीत प्रक्षेपणं पंधरा-पंधरा सेकंदांच्या खणांत चालतात. लॅपटॉपचं घड्याळ दोन-तीन सेकंद सरकलं की समोरच्यांचे संदेश उलगडेनासे होतात. बेटावर इंटरनेट नाही, घड्याळ आपोआप जुळत नाही, आणि माणूस अँटेना तपासत बसतो. उपाय म्हणजे अगदी स्वस्त जीपीएस रिसीव्हर.

गैरसमज: रेडिओ जवळ आहे, मदत येईलच

10 एप्रिल 1983. स्प्रॅटली बेटांतल्या अँबोयना केकडे निघालेल्या सिद्धार्थ या नौकेवर तिथल्या व्हिएतनामी सैनिकांनी गोळीबार केला. नौकेवरच्या जर्मन हॅमपैकी एकाचा तिथेच अंत झाला, नौका पेटली. उरलेले लोक छोट्या होडीत सुमारे दहा दिवस पाण्याविना भरकटत होते. एका जपानी मालवाहू जहाजाने त्यांना उचललं, तोवर दुसरा हॅम तहानेने गेला होता. बेटावर दावा कुणाचा आणि बंदूक कुणाच्या हातात, हे निघण्यापूर्वी कळायला हवं. आज उपग्रह फोन आले, पण तेही होडीत हाताशी असले तरच. एरवी कागदपत्रांचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एक सौम्य धाकही आहे: परवाना आणि तिथे उतरण्याची परवानगी दाखवता आली नाही, तर डीएक्ससीसीत ते संपर्क धरले जात नाहीत.

गैरसमज: हा रिकामटेकड्यांचा खेळ, संकटात काय कामाचा?

अंदमानात हौशी रेडिओला साधा भारतीय परवाना पुरत नाही, वेगळी मंजुरी लागते. अनेक वर्षांच्या खंडानंतर ती मिळवून हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा चमू भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने डिसेंबर 2004 मध्ये पोर्ट ब्लेअरला पोहोचला. एका हॉटेलात केंद्र लागलं. दुर्मीळ कॉल साइन ऐकताच, विरारची लोकल फलाटाला लागावी तशी जगभरातून झुंबड उडाली.

26 तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलू लागली. मग त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. मोहिमेसाठी लावलेले अँटेना उभे होते, संच होते, मुख्य भूमीवर ऐकणारे कान होते आणि गोंगाटातून एकेक अक्षर अचूक टिपायची सवय इतके दिवस चालूच होती. संपर्कांची मोजणी थांबली. पुढे याच मंडळींनी कार निकोबारलाही केंद्र उघडलं. आता वहीत उतरत होती ती माणसांची नावं: कोण सुखरूप, कोण सापडत नाही, आणि हे मुख्य भूमीवर कुणाला कळवायचं.